ड्रॉइंग नसलेली फियाट

फियाट ८०६ ही गाडी अख्ख्या आयुष्यात एकच रेसचा दिवस पळाली. ४ सप्टेंबर १९२७, इटलीतला मोंझाचा ट्रॅक, मिलान ग्रां प्री नावाची छोटीशी रेस, वरून पाऊस, आणि ती रेस तिने जिंकली. चालवणारा पिएत्रो बोर्दिनो. त्यानंतर फियाट कंपनीने ग्रां प्री रेसिंगचा गाशाच गुंडाळला, गाड्या मोडल्या, इंजिनं मोडली, ड्रॉइंगंसुद्धा ठेवली नाहीत. त्यामुळे आज जगातल्या कुठल्याही म्युझियमचं तिकीट काढा, ही गाडी बघायला मिळणार नाही. उरलंय काय, तर थोडे ब्लॅक अँड व्हाइट फोटो, थोडे आकडे, आणि माझ्यासारखे काही रिकामटेकडे लोक जे ऑफिसातून आल्यावर गॅलरीतल्या फोल्डिंग टेबलवर बसून तिचं बाराव्या हिश्शाचं मॉडेल करतायत.

आता मुंबईत फियाट म्हटलं की रेस कुणाला आठवणार. टॅक्सी आठवते. काळीपिवळी, स्टीअरिंगच्या दांड्यावर गिअर, बाहेरच्या अंगाला तो लोखंडी मीटर, दार आपटल्याशिवाय लागायचं नाही आणि जास्त आपटलं की ड्रायव्हर आरशातून बघायचा. कागदावर ती प्रीमियर पद्मिनी, पण लोकांच्या तोंडी शेवटपर्यंत फियाटच. आणि आमच्या घरात तर फियाट म्हणजे बाबांची कंपनी. वालचंद हिराचंदांनी १९४४ ला काढलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स, तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बाबा टूल रूमला होते. आम्ही राहायलाही कुर्ल्यालाच. टूल रूम म्हणजे जिथे गाडी बनत नाही, गाडी बनवायची हत्यारं बनतात, डाय, जिग, फिक्श्चर, गेज. बाबांना अजून कुणी ‘गाड्या बनवायचात ना तुम्ही’ म्हटलं की ते आधी ही दुरुस्ती करतात आणि मग चहा घेतात.

तर हे ८०६ चं किट मी मागवलं तेव्हा बाबांना उगाच खूश करायला सांगितलं, बाबा, ही पण तुमची फियाटच आहे, बारा सिलिंडरची. त्यांनी विचारलं बोअर किती, स्ट्रोक किती, म्हणजे सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची वरखाली धाव, एमएममध्ये. मी म्हटलं ५० आणि ६३. मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर त्यांना आवडत नाही, त्यांनी पेपरच्या कडेला आकडेमोड केली, पायचे चार दशांश धरून, आणि म्हणाले १४८४ सीसी. पुस्तकात तेच आहे, १४८४. मी सांगितलं की याची ताकद १८७ हॉर्सपॉवर, आणि ती ८५०० आरपीएमला. यावर ते जरा थांबले. आपली पद्मिनी १०८९ सीसी आणि ताकद चाळीसेक हॉर्सपॉवर. त्यांनी परत विचारलं, साल काय म्हणालास? १९२७. ‘बेअरिंग कसली वापरली असतील रे त्यांनी,’ एवढंच बोलले, पण दुसऱ्या दिवशी सकाळी किटचा बॉक्स उघडून चष्मा कपाळावर सरकवून एकेक फ्रेम उजेडात धरून बघत बसले होते.

इंजिनाची गोष्ट खरंच विलक्षण आहे. त्रांक्विल्लो झेर्बी नावाच्या इंजिनियरचं हे डोकं. सहा-सहा सिलिंडरच्या दोन रांगा, आपल्याला सवय असलेल्या व्ही सारख्या तिरक्या नाहीत तर शेजारी शेजारी सरळ उभ्या, आणि प्रत्येक रांगेला स्वतःचा वेगळा क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव फिरतीत बदलणारा दांडा. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, या झेर्बीने त्या ठेवल्या आणि वर गिअर लावून एकमेकींना बांधून टाकल्या. डोक्यावर तीन कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारे दांडे, मधला दोन्ही रांगांना सामायिक. पुढच्या बाजूला रूट्स सुपरचार्जर, हवा दाबून आत कोंबायला. कारण तेव्हा १९२६ आणि १९२७ ला ग्रां प्रीचा नियमच दीड लिटरचा होता, आणि दीड लिटरमधून जास्तीत जास्त काढायचं तर पिस्टन छोटे करा, संख्या वाढवा आणि गरागरा फिरवा, हा त्यातला हिशोब. पन्नास एमएमचा पिस्टन. माझ्या मॉडेलमध्ये तो चार एमएमच्या जरा वर येईल, अर्थात दिसणार नाही.

आणि गंमत म्हणजे त्या वर्षी खरी दादा गाडी वेगळीच होती. फ्रान्सची दलाज, आठ सिलिंडरची, रोबेर बनुआ चालवायचा, त्याने त्या वर्षीच्या चार मोठ्या रेस जिंकल्या. त्यातली इटलीची तर मोंझालाच, त्याच दिवशी, त्याच ओल्या ट्रॅकवर. फियाटवाले मोठ्या रेसमध्ये उतरलेच नाहीत. छोट्या रेसमध्ये उतरले, अल्फा रोमिओतल्या कांपारीला मागे टाकून जिंकले, आणि घरी गेले ते गेलेच. म्हणजे दलाज विरुद्ध ८०६ हा सामना कधी झालाच नाही. क्रिकेटवाल्यांना असल्या गोष्टींवर रात्र रात्र बोलता येतं, आमच्या छंदात बोलायला माणूसच मिळत नाही.

किटबद्दल थोडं सांगतो कारण त्याचीही हकीकत आहे. हे मूळचं प्रोटारचं किट. तार्किनिओ प्रोविनी हा मोटरसायकल रेसर होता, दोनदा वर्ल्ड चॅम्पियन, १९५७ ला १२५ सीसीत आणि १९५८ ला २५० सीसीत. पुढे १९६६ ला आयल ऑफ मॅनला मोठा अपघात झाला, रेसिंग संपलं. त्याची मॉडेल किटची कंपनी ती ही प्रोटार. नंतर ते साचे इटालेरी कंपनीकडे गेले आणि आता त्यांच्या बॉक्समध्ये ही गाडी येते. १:१२ स्केल, बॉनेट उघडतं, आत इंजिन आहे, खाली चासी, स्प्रिंगा, सगळं. साधं जोडलं आणि रंगवलं तरी शोकेसमध्ये छान दिसेल. पण या छंदाचा एक रोग आहे, एकदा मूळ फोटो बघितले की किटातला भाग तसाच लावायला हात धजावत नाही. इथे पाइप जाड आहे, तिथे बोल्टचं डोकं गोल आहे, षटकोनी पाहिजे, लुव्हर, म्हणजे बॉनेटवरच्या हवेच्या फटी, नुसते फुगवटे आहेत, कापलेले नाहीत. मग सुरू होतं काढा, कापा, नवीन करा.

मी पण सुरू केलं. एका फोटोत इंजिनाच्या बाजूला एक पाइप जाताना दिसतो आणि मग मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांना जोडणाऱ्या पाइपांच्या जुडग्याच्या, मागे गायब होतो. पुढे कुठे जातो कळत नाही. मी तांब्याची तार घेतली, गॅसवर लाल केली, पाण्यात बुडवली, की ती मऊ होते आणि मुडपताना चेपत नाही, आणि झकास वळण देऊन मागून फिरवून खाली आणून एका जागी जोडायचा बेत केला. बाबा मागे उभे होते. म्हणाले, ‘ड्रॉइंग कुठंय?’

मी म्हटलं बाबा, ड्रॉइंग नाहीये, तेच तर, कंपनीनेच नष्ट केली.

‘मग हा जॉब तू कशावरून करतोयस?’

अंदाजावरून म्हटलं. आता ज्या माणसाने आयुष्यभर मायक्रोमीटर वापरला त्याच्यासमोर अंदाज म्हणणं म्हणजे देवळात चपला घालून जाणं. ते काही बोलले नाहीत, आत गेले, माझ्या मुलाची चित्रकलेची वही, पेन्सिल, फूटपट्टी आणि गुण्या घेऊन आले आणि म्हणाले आधी काढ. जे करणार ते आधी कागदावर आलं पाहिजे. खाली उजव्या कोपऱ्यात चौकट आखली, त्यात तीन ओळी, ड्रॉन बाय, चेक्ड बाय, तारीख. मला हसू आलं पण वही घेतली, कारण बाबा रिटायर झाल्यापासून त्यांना एवढं ताठ बसलेलं मी बघितलं नव्हतं.

तर मी तो पाइप काढला. दिसतो तेवढा ठळक रेघेने, आणि मॅनिफोल्डच्या मागचा तुटक रेघेने. इंजिनियरिंग ड्रॉइंगमध्ये लपलेली कड तुटक रेघेनेच दाखवतात, आम्हीही कॉलेजात हेच शिकलो. बाबांनी ती तुटक रेघ खोडली. म्हणाले, ‘तुटक रेघ म्हणजे वस्तू तिथे आहे, फक्त या बाजूने दिसत नाही. तुला ती तिथे आहे हेच माहीत नाही. मग तुटक रेघ मारतोस कशी?’

हे मला त्या क्षणी नुसतं कटकटीचं वाटलं. रात्री वही परत उघडली तेव्हा पटलं. न दिसणारं आणि न कळलेलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मी, खरं तर सगळेच मॉडेलवाले, त्या बिनदिक्कत एकत्र करतो. पाइप कुठेतरी जाणारच, कार्ब्युरेटरला पेट्रोल पोचणारच, म्हणून आपल्या माहितीतल्या दुसऱ्या कुठल्यातरी गाडीत तो जसा जातो तसा इथे दाखवून मोकळे. आणि मग ते इतकं नीट बनवतो, इतकं चकाकणारं तांबं, इतके बारीक नट, की बघणाऱ्याला वाटतं हे नक्की असंच असणार. जेवढी सफाई जास्त तेवढी शंका कमी.

पण खरी पंचाईत त्याच्या पुढे आहे. कागदावर जागा कोरी सोडता येते, मॉडेलमध्ये नाही. मॅनिफोल्डच्या मागे काहीतरी तर असणार, पाइप असेल किंवा नसेल, दोन्ही विधानंच झाली. बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले की मग किटवाल्याने जे दिलंय ते राहू दे, त्याच्या नावावर जाऊ दे. हा तोडगा मला आवडला. म्हणजे जे फोटोत दिसतं ते मी नव्याने करणार, त्याचं ड्रॉइंग वहीत, सही माझी. जे दिसत नाही तिथे प्रोटारच्या माणसांनी १:१२ मध्ये जे काही ठरवलं असेल ते तसंच्या तसं, त्यात भर घालायची नाही, सजावट करायची नाही. आणि अगदीच जिथे मला काही ठरवावं लागलं, दोन्हीकडून आधार नाही, तिथे वहीत लाल पेन्सिलने गोल करून लिहायचं, ‘हे मी ठरवलं’. लाल गोल कमीत कमी असावेत अशी आता आमच्यात चुरस असते. मी एखादा मारला की बाबा फोटो घेऊन बसतात, भिंग लावून, आणि कुठूनतरी पुरावा काढायचा प्रयत्न करतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय दोन्ही डोळ्यांचं, आता म्हणतात मला तुझ्यापेक्षा चांगलं दिसतं.

इथे एक सांगायला हवं की जगभरात या गाडीवर आणि अशा गाड्यांवर काम करणारे असे असे कारागीर आहेत की बघून झोप उडते. अॅल्युमिनियमच्या पत्र्यातून बॉडी ठोकणारे, इग्निशनची वायर खरी सुती वेष्टणाची दाखवणारे. मला त्यांच्या हाताचा हेवा वाटतो. पण काहीजण फोटो नसलेल्या जागीही इतका माल भरतात की मला अलीकडे त्याचा कंटाळा यायला लागलाय. रिकामी जागा दिसली की बोल्ट. हे म्हणजे पाहुण्याला कोरं ताट देऊ नये तसं काहीतरी संस्कारातून येत असेल, पण गाडीबद्दल त्याने काही कळत नाही.

सामानासाठी फिरणं हा यातला मला सगळ्यात आवडणारा भाग, बायकोच्या मते हाच खरा छंद आहे आणि मॉडेल हे निमित्त. नागदेवी स्ट्रीटला हत्यारं आणि बारीक नटबोल्ट, झवेरी बाजारच्या मागच्या गल्ल्यांत सोनारकामाची हत्यारं, छोट्या कानशी, केसासारखी करवतीची पाती, पॉइंट तीनचे ड्रिल. सोनाराच्या हत्यारांचं दुकान ही मॉडेलवाल्यासाठी अलिबाबाची गुहा आहे. तिथे बंगाली कारागीर रांगेत उभे असतात, त्यांना नेमकं काय पाहिजे ते माहीत असतं, आणि आपण उभे असतो आ वासून. तेरा नंबरच्या पान्याचा बोल्ट बाराने भागला तर डोकं एक एमएमच्या जरा वर येतं, असा षटकोनी पितळी बोल्ट मिळेल का विचारलं तर दुकानदार म्हणाला, ‘साब, ये घड़ीवाले के पास जाओ.’ घड्याळवाल्याने सांगितलं सोनाराकडे जा. शेवटी बाबांनी पितळेच्या बारीक सळीला कानशीने सहा बाजू मारून दिल्या, एकेक बाजू साठ अंशांनी फिरवत, त्यासाठी आधी एक छोटं फिक्श्चर बनवलं. मला एक बोल्ट पाहिजे होता, त्यांनी बोल्ट बनवायचं हत्यार बनवलं. टूल रूम.

चाकांवर मात्र मनापासून लिहायचंय. त्या काळातल्या रेसिंग गाड्यांची तारेची चाकं, मधोमध एकच मोठा नट, हातोड्याने ठोकून काढायचा. किटातले स्पोक प्लास्टिकचे, माझ्या डोळ्याला जाड. खऱ्या गाडीचा स्पोक साडेतीन चार एमएमचा धरला तर मॉडेलात ०.३ एमएमची तार पाहिजे, आणि ती सरळ आणि कडक, तांब्याची चालणार नाही, लगेच वाकते. ही अडचण दादरच्या एका वाद्यांच्या दुकानात सुटली. सतारीची बाजाची तार, पोलादी, बरोबर पॉइंट तीनची. दुकानदाराने विचारलं वाजवता का, मी म्हटलं नाही, चाक करायचंय. त्याने फक्त मान हलवली, मुंबईत दुकानदाराला आश्चर्य वाटत नाही.

मग हब, म्हणजे चाकाचा मधला गाभा. भांडुपला एका गाळ्यात बाबांच्या ओळखीचा लेथवाला आहे. त्याला स्केच दाखवलं, पितळेत करायचंय. त्याने विचारलं किती नग. मी म्हटलं पाच. ‘पाचशे?’ पाच, चार चाकांना चार आणि एक ट्रायलला. तो बाबांकडे बघून हसला, चहा मागवला, आणि पैसे घेईना, जबरदस्तीने दिले.

चाक विणताना कळतं की गाडीच्या चाकाचे स्पोक सरळ मध्यापासून कडेला का जात नाहीत. बैलगाडीचा आरा सरळ जातो कारण तिथे चाक फिरवणारी ताकद रस्त्याकडून येते, बैल ओढतो, चाक नुसतं मागून घरंगळतं. रेसिंग गाडीत इंजिन मधला हब पिळतं आणि ब्रेकही तिथेच आवळतो, हबला फिरवून कडेला ओढायचं तर स्पोक हबला तिरके, जवळजवळ स्पर्शरेषेत लागले पाहिजेत, काही पुढच्या दिशेने, काही मागच्या. त्यामुळे ते एकमेकांना ओलांडतात आणि ती जाळी तयार होते जी आपल्याला सुंदर वाटते. आता हे ०.३ एमएममध्ये करायचं. बाबांनी एका पत्र्याच्या तुकड्यावर मधोमध खुंटी बसवली, हबच्या भोकात बरोबर बसणारी, आणि बाहेर रिंगला धरायला तीन टेकू, जेणेकरून हब आणि रिंग एका केंद्रावर राहतील. रिंगला ०.३५ ची भोकं, हाताने फिरवायच्या ड्रिलने, प्रत्येक भोक थोडं तिरकं. मग तार आत घालायची, हबच्या भोकात टोक रुतवायचं, बाहेरून चिमट्याने हलकं ओढायचं, ताण आला की सुईच्या टोकावर फेविक्विकचा एक ठिपका. ताण जास्त झाला तर समोरचा स्पोक सैल पडतो आणि तो पोट काढून उभा राहतो. म्हणून एका बाजूचा एक लावला की त्याच्या अगदी समोरचा दुसरा, मग काटकोनात. सतारीची तार कापताना पक्कडीच्या धारेला खाच पडते, एक जुनी पक्कड त्यासाठीच ठेवलीय. बायकोचं म्हणणं की हे करताना मी आणि बाबा श्वास घेत नाही, कुकरची शिट्टी झाली की दोघं दचकतो. पहिलं चाक पूर्ण झालं तेव्हा बाबांनी ते खुंटीवर ठेवून फिरवलं आणि कडेला टाचणी धरली, टाचणी आणि कड यातली फट सगळीकडे सारखी आहे का ते बघायला. एका जागी कमी होती. किती कमी ते ते सांगेनात, फक्त ‘चालेल’ म्हणाले, आणि त्यांच्या तोंडून चालेल हा शब्द आम्हा भावंडांना दहावीच्या रिझल्टलाही मिळाला नव्हता.

बोर्दिनोबद्दल वाचून दाखवल्यावर बाबांना तो एकदम आवडला. कारण तो सुरुवातीला मेकॅनिक होता, लान्चिया आणि नाझारोसारख्या ड्रायव्हरांच्या शेजारी बसून जायचा. तेव्हा रेसमध्ये ड्रायव्हरबरोबर मेकॅनिक गाडीत बसायचा, १९२५ पासून ते बंद झालं. पुढे तो स्वतःच ड्रायव्हर झाला, १९२२ ला मोंझाचा ट्रॅक नवाकोरा बांधला गेला तेव्हा तिथली पहिली इटालियन ग्रां प्री यानेच जिंकली, फियाटमध्येच. ‘म्हणजे खालून वर आलेला,’ बाबा म्हणाले. आणि ८०६ जिंकल्यावर काही महिन्यांतच, एप्रिल १९२८ ला, अलेस्सांद्रियाच्या रेसची प्रॅक्टिस करताना त्याच्या बुगाटीसमोर कुत्रा आला, गाडी नदीत गेली, बोर्दिनो गेला. वर्षभराच्या आत गाडीही नाही, ड्रायव्हरही नाही. बाबांनी विचारलं मॉडेलमध्ये ड्रायव्हर बसवणार का. मी नाही म्हटलं. चेहरा करायला माझा हात नाही हे एक कारण, आणि दुसरं म्हणजे सीटचं चामडं मला दाखवायचंय.

आता रंग. इटलीची गाडी लाल, फ्रान्सची निळी, इंग्लंडची हिरवी, हा तेव्हाचा रिवाज. पण लाल म्हणजे कुठला लाल? फोटो ब्लॅक अँड व्हाइट. आणि त्या काळातल्या बहुतेक फोटोच्या काचा आणि फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक, म्हणजे त्यांना निळा हिरवा प्रकाश दिसायचा, लाल दिसायचाच नाही. लाल रंग फोटोत काळा पडतो. त्यामुळे या गाडीच्या बाबतीत दुहेरी नुकसान, रंग कळत नाही तो नाहीच, वर लाल पत्र्यावरची बारीक कामं त्या काळोखात बुडून जातात. बॉनेटवरचे लुव्हर मोजताना माझं आणि बाबांचं उत्तर जुळत नव्हतं ते याच्यामुळेच, शेवटचे काही सावलीत गेलेले, ते आहेत असं धरायचं की नाही. गाडी फ्रेंच असती, निळी, तर फोटोत कितीतरी जास्त दिसलं असतं.

गाडीच्या रंगाच्या दुकानात गेलो, जिथे कॉम्प्युटरवर कोड टाकून शेड मिसळून देतात. काउंटरवरच्या मुलाने विचारलं गाडी कौनसी. मी म्हटलं फियाट. ‘पुंतो या लिनिया?’ मी म्हटलं १९२७ ची. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि आतल्या काकांना हाक मारली. काकांनी विचारलं पत्रा दाखवा, पेट्रोलची टाकी दाखवा, झाकणाच्या आत मूळ रंग राहतो तिथून मॅच करतो. बरोबरच आहे त्यांचं. शेवटी दोन चार लाल शेडची कार्डं आणली आणि गॅलरीत उन्हात धरली. छोट्या वस्तूवर तोच रंग जास्त गडद वाटतो म्हणून मॉडेलवाले शेड जरा फिका करतात, हेही एक ठरवणंच. वहीत या पानावर सगळ्यात मोठा लाल गोल आहे, अख्ख्या गाडीभोवती.

आणि मुंबईत रंग मारायचा म्हणजे हवामानाचा खेळ. पावसाळ्यात लॅकर मारला की थिनर पटकन उडतं, पृष्ठभाग गार होतो, हवेतलं दमट पाणी त्यावर बसतं आणि लाल गाडीवर पांढुरकी झाक येते. गॅरेजवाले त्यासाठी सावकाश उडणारं थिनर घालतात, तरी जुलैत लाल रंग मारायच्या फंदात शहाणा माणूस पडत नाही. म्हणून पावसाळाभर चाकं, इंजिन, वही, आणि रंग थंडीवर ढकललेला.

मधे माझ्या पुतण्याने विचारलं, आजोबा, तुम्ही आपली पद्मिनी का नाही करत, एवढी मेहनत इटलीच्या गाडीवर. प्रश्न योग्य होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली, ताडदेवच्या आरटीओत नोंदलेली ती शेवटची, आणि आता कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुन्या पार्टच्या दुकानांत तिचे दरवाजे, आरसे शोधायलाही नशीब लागेल. मला वाटलं बाबा हळवे होतील. ते म्हणाले, ‘तिचं काय करायचं, ती मला माहितीये. कुठल्या डायला कुठे घासलं जायचं ते अजून सांगतो.’ आणि परत भिंग लावून मोंझाच्या फोटोत शिरले. मला आधी याचं वाईट वाटलं, मग वाटलं की बरोबर आहे, त्यांना आठवणीत रमायचं नाहीये, त्यांना न सुटलेला जॉब पाहिजे.

सध्या इंजिन बसलंय, चाकं तयार आहेत, बॉडीला प्रायमर आहे, पाण्याच्या पॉलिश पेपरने दोन हजारपर्यंत घासून झालीय. वहीतल्या जवळजवळ सगळ्या पानांवर चेक्ड बायच्या ओळीत बाबांची आडवी सही आहे. रंगाच्या पानावर ते सही करायला तयार नाहीत. तपासायचं कशाशी, म्हणतात, नमुना आण, लगेच करतो. मी दोनदा मागे लागलो तर वही मिटून माझ्या हातात दिली आणि म्हणाले जानेवारी संपत आलाय, पुढे हवा दमट होईल, तुझ्या सहीवर मारून टाक, आणि हो, मास्क लाव आणि बेडरूमचं दार बंद कर, मागच्या वेळी प्रायमर मारलास तेव्हा तुझ्या आईच्या लोणच्यालासुद्धा थिनरचा वास येत होता.